नोकरी सांभाळून मैफली आणि गिग्जचे फोटो: कोणी करतंय का, कसं जमवता?

चाकण_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला भोसरी. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. लहानपणी हार्मोनियम शिकले, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आणि मग इंजिनिअरिंगच्या नादात पेटी माळ्यावर गेली ती गेलीच, पण गाणं ऐकणं काही सुटलं नाही. कंपनीतल्या एका सीनियरने जुना कॅमेरा विकायला काढला तो मी घेतला, क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे, सोबत ५० एमएम एफ १.८. आधी सगळे काढतात तेच काढलं, सिंहगड, फुलं, पक्षी. मग इथेच लांडगे नाट्यगृहात अभंगांचा कार्यक्रम होता तिथे पखवाजवाल्या दादांचा एक फोटो निघाला, डोळे मिटलेले आणि हात थापेवर पडायच्या जस्ट आधी हवेत, आणि तेव्हापासून दुसरं काही काढावंसंच वाटत नाहीये.

आता प्रश्न. एक, पुढे जाऊन फोटो काढायची परमिशन कोणाकडे मागायची? मी कोणाची प्रेस नाही, काही नाही, तिकीट काढून सातव्या रांगेत बसते आणि पुढच्या काकांच्या डोक्यावरून काढते. दोन, ओळखीच्या एका बँडच्या गिगला गेले तर लाल-निळे एलईडी, सगळे चेहरे टोमॅटोसारखे आले आणि काही फोटोंवर आडवे काळे पट्टे, ते कशाने? तीन, त्या बँडला फोटो फ्री दिले तर आता अजून दोन बँडचे मेसेज आलेत की आमचे पण काढ ना, पैशांचं कोणी बोलतच नाही. चार, कंपनीत कळलं तर काही प्रॉब्लेम येतो का?

आणि खरा प्रश्न पाचवा आहे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी रात्री साडेबाराला घरी येते, त्या आठवड्यात कार्यक्रम झाला की संपलंच, आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाटे पाचला उठायचं असतं त्यामुळे दहाला कार्यक्रम सुटला तरी दुसऱ्या दिवशी गेज हातात धरताना डोळे मिटतात. हे असं किती दिवस चालवायचं, का सरळ नोकरी सोडून यातच उतरायचं असं सारखं डोक्यात येतं. घरी हप्ता आहे म्हणून सोडणं सोपं नाहीये. पण ज्यांनी दोन्ही केलंय त्यांचं ऐकायचंय.

---

तंबोऱ्यामागे

अगं, मध्यमा पूर्ण आहेस म्हणजे तुझं अर्धं काम झालेलं आहे, हे आधी लक्षात घे. मी बँकेतून रिटायर झालो, पूर्ण नोकरीभर गाण्याचे फोटो काढले, रोलच्या जमान्यापासून. महागातला कॅमेरा घेऊन येणारे खूप बघितले, पण त्यांना सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार ते माहीत नसतं म्हणून ते धडाधड काढत राहतात आणि त्यातलं एखादं लागतं. तुला माहीत आहे.

जरा खोलात सांगतो कारण हेच मुख्य आहे. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन आरामात मिनिटभर चालतं. त्या मिनिटात तू कॅमेरा मांडीवर ठेवायचा आणि ऐकायचं. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची ओळ, उचलला की कॅमेरा डोळ्याला लावायचा. समेवर गायकाचा हात उघडतो, मान खाली येते, नजर तबल्याकडे जाते, तबलजी हसतो, मागे तंबोऱ्यावरची मुलं मान डोलावतात, हे सगळं एका क्षणात होतं आणि ते कधी होणार हे ताल सांगतो. द्रुतमध्ये, म्हणजे जलद लयीत, तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, सुरू झाली की तिसऱ्या धाला बोट दाब, खरं तर किंचित आधी, कारण आपलं बोट आणि कॅमेऱ्यातला आरसा दोन्ही थोडा वेळ खातात. आलापात मात्र अजिबात नको. पहिला षड्ज लागतोय, हॉल शांत आहे आणि तुझा डीएसएलआर खटकन वाजला की चार रांगांना ऐकू जातं. कॅमेऱ्यात क्वाएट मोड असेल तो लाव, आणि शक्यतो तबला वाढलेला असताना काढ.

बसायची जागा. समेला गायक तबलजीकडे वळतो, त्यामुळे तू तबल्याच्या बाजूला बसलीस तर त्याचा चेहरा तुझ्याकडे येतो. पेटीच्या बाजूला बसलीस तर तबलजीचा चेहरा समोरून आणि गायक बाजूने. मध्यंतरानंतर बाजू बदल. आणि अगदी मधोमध बसू नकोस, माइक तोंडासमोर येतो, हनुवटी आणि ओठ झाकले जातात. जरा बाजूला सरकलं की माइक सुटतो.

नोकरीचं म्हणशील तर आमच्या वेळी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा. पहाटे भैरवी झाली की घरी जाऊन आंघोळ करून सरळ बँकेत काउंटरवर. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले ठरावीक दिवस बाराची सवलत, त्यामुळे रात्रभराच्या मैफली गेल्या. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, रात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळेनासे झाले. पण तुझ्यासारख्या पहाटे पाचला उठणाऱ्या मुलीला मात्र आता दहाला सुटून घरी जाता येतं.

एक माणूस जरूर बघ, विल्यम गॉटलिब. १९३८ च्या सुमाराला वॉशिंग्टन पोस्टमध्ये जाहिरात विभागात नोकरीला होता आणि सोबत जॅझवर कॉलम लिहायचा. पेपर फोटोग्राफरचे पैसे देईना म्हणून स्वतःच कॅमेरा शिकला. फिल्म आणि फ्लॅशबल्ब महाग, त्यामुळे एका रात्रीत मोजकेच फोटो काढायचा, आणि संगीत कळत असल्यामुळे नेमके कधी काढायचे ते त्याला कळायचं. बिली हॉलिडेचा तो गातानाचा जगप्रसिद्ध फोटो त्याचाच. पुढे त्याने हे काम सोडलं, दुसऱ्या धंद्यात गेला. त्याचा संग्रह आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे आणि २०१० पासून सगळ्यांना मोफत बघायला आणि वापरायला खुला आहे. जेमतेम १० वर्षांचं काम, तेही लिहिणं सांभाळून, आणि आज त्या काळाचं जॅझ म्हटलं की त्याचेच फोटो समोर येतात. आपल्याकडे अविनाश पसरिचा. दिल्लीत स्पॅन मासिकाचे फोटो एडिटर म्हणून अनेक वर्षं नोकरी केली आणि त्याच काळात शास्त्रीय संगीत आणि नृत्यातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या कलाकारांचे फोटो काढले. तेव्हा नोकरी आड येते हे मला पटत नाही.

---

गिगवाला_अंधेरी

काकांचं समेचं एकदम पटलं, सेव्ह करून ठेवलंय. मी फुलटाइम हेच करतो, मुंबईत, बँड, क्लब, कॉलेज फेस्ट, कॉर्पोरेट शो सगळं. एलईडीचं सांगतो.

आडवे पट्टे येतात कारण लाइट सतत जळत नसतो, भरभर चालू-बंद होत असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यांच्यासाठी शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. पण स्टेजवरच्या एलईडीचं डिमिंग वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर चालतं, प्रत्येक फिक्स्चरचं वेगळं, तिथे नियम नाही, १/१६० ला पट्टे दिसले तर १/१२५ करून बघ, नाही तर १/२००, साउंडचेकलाच हे करून ठेव. फास्ट शटरला प्रॉब्लेम वाढतो. उद्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, घेतलास तर लक्षात ठेव की सायलेंट इलेक्ट्रॉनिक शटरला हे पट्टे सगळ्यात जास्त येतात कारण बहुतेक सेन्सर एक एक ओळ वाचतो. शास्त्रीय मैफलीत साधे दिवे असले तर सायलेंट वापर, गिगला मेकॅनिकल.

लाल चेहऱ्यांचं असं आहे की शुद्ध लाल एलईडीमध्ये फक्त लालच असतो, त्यात निळा-हिरवा जवळपास नसतोच, मग व्हाइट बॅलन्स काय करणार बिचारा. मीटर अॅव्हरेज काढून सांगतो की सगळं बरोबर आहे आणि तिकडे लाल चॅनल फाटलेला असतो. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचा वेगळा आलेख, लावून बघ, लाल उजवीकडे आदळत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी कर. रॉ मध्येच काढ, जेपेगमध्ये काहीच हाताला लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाट बघ. कुठलाही लाइटवाला सोलोला पांढरा नाही तर अंबर मारतोच, गिटार सोलो आला की तयार राहा. लाइटवाल्याशी दोस्ती कर, चहा पाज, तो तुला सांगेल कुठल्या गाण्याला काय मारणार आहे. हे कुठल्या वर्कशॉपमध्ये सांगत नाहीत.

मोठ्या शोला नियम असतो, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग पिटमधून, म्हणजे स्टेजसमोरच्या फोटोवाल्यांच्या जागेतून, बाहेर. म्हणजे दहा-बारा मिनिटं. तिथे सेटिंग करत बसायला वेळ नसतो म्हणून आधी छोट्या जागी हात बसव. छोट्या बँडच्या मॅनेजरला किंवा सरळ ड्रमरला इन्स्टावर मेसेज कर, सोबत पाच फोटोंची लिंक, पंचवीस नाही. वेन्यूला पण वेगळं विचार, बँड हो म्हणाला म्हणजे वेन्यू हो म्हणाला असं नसतं. आणि इयरप्लग घे गं, स्पीकरच्या पुढ्यात दोन तास उभं राहायचं असतं, कान परत येत नाहीत.

आता फ्री. मी इथे थोडं कडक बोलणार आहे, राग मानू नकोस. तुझा पगार महिन्याच्या एक तारखेला येतो, माझं घर या फोटोंवर चालतं. पगारवाला माणूस जेव्हा फ्रीमध्ये काढून देतो तेव्हा बँडला वाटतं याची किंमतच शून्य आहे, आणि पुढच्या वेळी मी दर सांगितला की उत्तर येतं, 'अरे आम्हाला एक जण फ्रीमध्ये देतो.' मी हे खूप वेळा ऐकलंय. एका इव्हेंट कंपनीने तर माझाच फोटो न विचारता पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर छापला आणि विचारल्यावर म्हणाले क्रेडिट देतो की. क्रेडिटने लेन्सचा हप्ता भरत नाही. तेव्हा कमी घे, पण घे. तिकीट, प्रवास आणि एडिटिंगचे तास यांचा हिशोब करून एक आकडा ठरव आणि तो पहिल्या मेसेजलाच सांग.

---

ठेका_धा

मी तबला वाजवते, साथीला असते, म्हणजे मी फोटोच्या कोपऱ्यात अर्धी कापलेली असते ती. म्हणून स्टेजवरून कसं दिसतं ते सांगते.

कार्यक्रमाच्या आधी भेट, हे पहिलं. ग्रीनरूममध्ये तंबोरे जुळत असताना नाही, त्या वेळी कोणाशीच बोलू नये, सगळ्यांचे कान तिकडे असतात. त्याच्या आधी, चहाच्या वेळेला. 'मी फोटो काढते, तुम्हाला चालेल का, कुठे बसू नको ते सांगा' एवढं विचारलं तरी पुरे, मुख्य कलाकाराला आणि आयोजकांना दोघांना. निम्मे लोक स्वतःच म्हणतात की विंगेत उभी राहा. सातव्या रांगेतून सुटका होईल तुझी. आणि नगरपालिकेच्या नाट्यगृहात संस्थेचा कार्यक्रम असेल तर संस्थेच्या सेक्रेटरीला आधी फोन कर, त्यांनाही वार्षिक अहवालाला फोटो हवेच असतात आणि बहुतेक वेळा कोणीतरी मोबाइलवर काढलेले तिरके फोटो छापतात.

चालू कार्यक्रमात समोरून वाकून पळणारा माणूस सगळ्यात जास्त त्रास देतो, आवाजापेक्षाही. आपण डोळे उघडतो आणि समोर कोणीतरी रांगतंय. एका जागी बसून राहिलेली व्यक्ती पाच मिनिटांत दिसेनाशी होते, खरंच.

फोटो निवडताना गायकांचे तोंड वेडंवाकडं झालेले टाकू नकोस. तान घेताना जबडा कसाही होतो, तो तेवढा क्षण सुरात असतो पण स्थिर फोटोत तो माणूस दुखण्यात असल्यासारखा दिसतो. तुला गाणं कळतं तर तुला हेही कळेल. तबल्यासाठी शटरचं सांगायचं तर १/५०० च्या वर बोटं गोठतात, स्वच्छ दिसतात, पण मला स्वतःला १/६० चा आवडतो, चेहरा स्थिर आणि हाताचा धूर झालेला, त्यात लय दिसते. पंचवीस काढशील तेव्हा एक येईल.

आणि आमच्यासारख्या साथीदारांचे वेगळे फोटो काढ गं. पोस्टरला लागतो म्हणून मुख्य कलाकाराचा सगळेच काढतात. पेटीवाल्या दादांकडे, तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलींकडे आयुष्यभराचे पाच चांगले फोटो नसतात. उभे फोटो काढ, बाजूला मोकळी जागा ठेवून, म्हणजे आमंत्रणपत्रिकेवर नाव टाकता येतं. असे फोटो दिलेस तर लोक तुला बोलावतील, लिहून घे.

पैशांबद्दल अंधेरीवाल्या दादांचं बँडच्या बाबतीत बरोबर असेल. पण आमच्या छोट्या बैठका कशा असतात, पन्नास माणसं, तिकीट नाही, कलाकाराला नारळ आणि पाकीट, त्या पाकिटात कधी कधी येण्या-जाण्याचा खर्च पण नसतो. तिथे कोण कोणाकडे पैसे मागणार?

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

बापरे, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून थँक्यू सगळ्यांना. काका, तुमचा मुखड्याचा भाग मी परवा रेकॉर्डिंग लावून कॅमेरा हातात धरून प्रॅक्टिस केला, घरात कोणी नसताना, आणि खरंच समेला बोट पडायला लागलं.

दादा, राग अजिबात नाही, उलट हे कोणी स्पष्ट बोलत नाही. पण माझा प्रश्न असा की बँडकडून पैसे घेतले तर कंपनीचं काय? माझ्या ऑफर लेटरमध्ये असं काहीतरी वाक्य आहे की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरं कुठलंही काम, मोबदल्यासह किंवा मोबदल्याशिवाय, करता येणार नाही. 'मोबदल्याशिवाय' वाचून घाबरले.

---

आकडेमोड

मी अकाउंट्सवाला आहे, फोटोतलं कळत नाही, पण गाण्याला जातो म्हणून धागा वाचत होतो. थोडक्यात लिहितो.

असं कलम बहुतेक अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतं. घाबरू नका पण दुर्लक्ष पण करू नका. एचआरला चार ओळींचा मेल टाका, की कामाच्या वेळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी, संगीत कार्यक्रमांची छायाचित्रं काढते, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नाही, कंपनीची साधनं वापरत नाही, परवानगी द्यावी. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. तोंडी 'काढ गं, कोण विचारतंय' वर राहू नका, मॅनेजर बदलतात. सरकारी नोकरीवाले कोणी वाचत असतील तर तुमच्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आहेत, ते वाचूनच पैसे घ्या.

पैसे आले तर रिटर्नमध्ये दाखवा. फक्त पगार असताना जो आयटीआर १ भरता तो धंद्याचं उत्पन्न असेल तर चालत नाही, ३ किंवा ४ लागतो. मोठे आयोजक टीडीएस कापून देतील, तो इन्कम टॅक्सकडे तुमच्या नावावर दिसतोच, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. लेन्स, प्रवास, हार्ड डिस्क यांची बिलं ठेवा. जीएसटीची चिंता सध्या नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे.

कॉपीराइटचं मात्र सगळ्यांनी नीट समजून घ्या. १९५७ च्या कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पण कलम १७ प्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा होतो. म्हणजे बँडने पाच हजार देऊन बोलावलं आणि काहीच लिहून घेतलं नाही तर फोटो त्यांचे. नोकरीचा भाग म्हणून काढले तर कंपनीचे. म्हणून साधा मेल असला तरी चालेल, पण त्यात लिहा की हक्क माझ्याकडे राहतील आणि तुम्हाला सोशल मीडिया आणि प्रसिद्धीसाठी वापरायची परवानगी आहे. समोरून 'ओके, मान्य' असं उत्तर येऊ द्या. अंधेरीवाल्यांच्या पोस्टरच्या बाबतीत नेमकं हेच बघावं लागेल, की मूळ काम कोणत्या बोलीवर घेतलं होतं.

---

मिरजकर

सगळे पुण्या-मुंबईचंच बोलताय म्हणून आमच्याकडचं सांगतो. मी पाटबंधारे खात्यात आहे आणि मिरजेत राहतो. इथे दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, ते १९३७ साली गेले तेव्हापासून गावाने ही आठवण जपलेली आहे. मोठमोठे लोक हजेरी लावतात, समोर बिछायत, तिकीट नाही, आणि कोण फोटो काढतंय याच्यावर कोणाचा आक्षेप नाही, फक्त अदब पाहिजे. आणि वर्षभर सतारमेकर गल्लीत तंबोरे बनतात ते वेगळंच, २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते मोठे कडू भोपळे टांगलेले असतात, कारागीर जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढत बसलेला असतो, तारांखालच्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडून ऐकायची, परत घासायचं. मी रविवारी तिथे जाऊन बसतो. स्टेजवरचे फोटो मला कमी मिळतात, पण हे मला माझ्या नोकरीत जमतं आणि माझ्याइतके या गल्लीचे फोटो दुसऱ्या कोणाकडे नसतील.

ताई, तुम्ही चाकणला आहात ना, मग नाशिक रोडने वर नारायणगाव किती लांब आहे? पाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात, बोलणी चालतात. पुढे चैत्र-वैशाखात तुमच्या आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या यात्रा, तिथे हे फड वाजतात, ढोलकी-तुणतुणं, गण-गवळण. ढोलकीवाल्याचे हात तुम्ही एकदा जवळून बघा, पखवाजाचा फोटो विसराल. फक्त फडमालकाला आधी भेटा, आणि राहुटीच्या आत बायका तयार होत असतात तिथे कॅमेरा न्यायचा नाही, त्यांनी स्वतः बोलावल्याशिवाय नाही. लोक त्यांचे फोटो भलत्या कॅप्शनने फिरवतात म्हणून त्या सावध असतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

---

तंबोऱ्यामागे

मिरजकर, तुमचे गल्लीचे फोटो टाका इथे, बघायचे आहेत.

फ्रीच्या वादात माझं मत सांगतो. अंधेरीकरांचं म्हणणं मला मान्य आहे जिथे तिकीट लागलंय, बार चालू आहे, स्पॉन्सरचा फ्लेक्स आहे. तिथे साउंडवाल्याला पैसे मिळतात, मंडपवाल्याला मिळतात, तर फोटोवालीला का नाही? तिथे नोकरदाराने फुकट काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय आहे. पण ठेका_धा म्हणतायत तशा बैठकीला मी कधी पैसे मागितले नाहीत आणि मागणार नाही. तिथे कलाकारालाच काही मिळत नसतं. मी त्यांना प्रिंट द्यायचो, आठ बाय दहा, मागे राग आणि तारीख लिहून. आज त्यातले काही गुरुजी हयात नाहीत आणि त्यांच्या घरी भिंतीवर तो फोटो आहे. त्या वेळी मी पगारावर जगत होतो म्हणूनच हे करू शकलो. फोटोवर पोट असतं तर मीही लग्नंच काढली असती, आणि त्यात काही कमीपणा नाही, पण या बैठकांना जायला वेळ उरला नसता.

---

गिगवाला_अंधेरी

काका, तिकीट आणि स्पॉन्सरची रेघ मला मान्य. हीच रेघ सगळ्या नोकरीवाल्यांनी पाळली तर माझं काही म्हणणंच नाही. आणि लग्नांचं खरं आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी शनिवार-रविवार लग्नं काढतो आणि नेमके सगळे चांगले फेस्टिव्हल त्याच महिन्यांत असतात. गेल्या काही वर्षांत कितीतरी शो मी त्यामुळे सोडलेत जे मला आतून काढायचे होते. ताई, नोकरी सोडायचा विचार करताना हे पण बघ. सोडलीस तर मैफलीच काढशील असं समजू नकोस, जे मिळेल ते काढशील.

---

चाकण_सेकंड_शिफ्ट

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

ठरवलंय ते सांगते. एचआरला मेल टाकला, उत्तराची वाट बघतीये. दोन बँडना मेसेज केला की तिकिटाचा शो असेल तर एवढे पैसे आणि हक्क माझ्याकडे, एकाने लगेच ओके म्हटलं आणि एकाने मेसेज नुसता बघून सोडून दिला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी आता कार्यक्रमांच्या याद्या बघायच्याच बंद करणार आहे, नुसता जीव जळतो. त्या आठवड्यात सकाळचे वेळ मोकळे असतात तर आधीचे फोटो एडिट करून द्यायचे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात शुक्रवार-शनिवार फक्त. भोसरी आणि चिंचवडचं मोरे प्रेक्षागृह एवढंच धरायचं, पुण्यात उतरायचं नाही, म्हणजे रात्री घरी यायची चिंता नाही.

एकच उरलंय. पुढच्या शनिवारी मोरेला जुगलबंदी आहे, संस्थेच्या सेक्रेटरींना फोन केला आणि त्यांनी विंगेत उभं राहायला हो म्हटलंय!! माझ्याकडे ५० च आहे. लेन्स भाड्याने घेऊ का, आणि कुठली?

---

ठेका_धा

विंगेतून ५० पुरते गं. तुझ्या क्रॉप कॅमेऱ्यावर ती ७५ सारखी दिसते, विंगेतून दोघं कलाकार आणि मधला तबला आरामात बसतील. फक्त आयोजकांना विचार की मागच्या पडद्यावर फ्लेक्स आहे का, असला तर कोणत्या बाजूच्या विंगेतून तो कमी दिसतो ते आधी जाऊन बघून ठेव.

---

गिगवाला_अंधेरी

भाड्याने घ्यायचीच असेल तर ८५ एफ १.८ घे, ७०-२०० नको, जड असते आणि विंगेत वळता येत नाही. एका दिवसाच्या भाड्यात शुक्रवारी संध्याकाळी मिळते का विचार, म्हणजे रात्री घरी हात बसवता येईल. डिपॉझिटला ओळखपत्र मागतात ते सोबत ठेव. ५० कॅमेऱ्यावर ठेव आणि ८५ बॅगेत, विंगेत उभं राहून लेन्स बदलायची तर दोन रागांच्या मध्ये, टाळ्या चालू असताना. आणि त्या रात्री सगळे एडिट करत बसू नकोस. दहा निवड, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सेक्रेटरींना आणि कलाकारांना पाठव, बाकीचे नंतर. लवकर आलेले दहा फोटो लोक वापरतात, महिन्याने आलेले दोनशे कोणी उघडत पण नाही.

---

तंबोऱ्यामागे

जुगलबंदीत सवाल-जवाब सुरू झाला की जो वाजवतोय त्याच्याकडे कॅमेरा ठेवू नकोस, जो ऐकतोय त्याच्याकडे ठेव. पुढचा सवाल काय टाकायचा हे त्याच्या चेहऱ्यावर आधी येतं. आणि मी चिंचवडलाच मुलाकडे असतो हल्ली, शनिवारी येतो. तबल्याच्या बाजूला तिसऱ्या रांगेत असेन, मध्यंतरात भेट.